मुलाच्या मूत्राशयात नळी कुठून घालायची? मूत्रमार्ग, मित्रोफानॉफ आणि मोंटी यांची तुलना

मुलाचे मूत्राशय स्वतःहून रिकामे होत नाही, दिवसातून पाच-सहा वेळा नळी घालूनच लघवी काढावी लागणार, हे एकदा नक्की झाले की पुढचा प्रश्न उभा राहतो: नळी घालायची कुठून? कारण स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा व मज्जारज्जूचा जन्मदोष) असो, एक्स्ट्रॉफी (जन्मतः मूत्राशय पोटावर उघडे असणे) असो, मुलग्याच्या मूत्रमार्गातले जन्मजात पडदे असोत किंवा मज्जारज्जूची इजा, पालकांसमोर साधारण तीन वाटा ठेवल्या जातात. जन्मजात मूत्रमार्ग, अपेंडिक्स वापरून पोटावर उघडलेली मित्रोफानॉफ वाहिनी, आणि अपेंडिक्स उपलब्ध नसेल तर लहान आतड्याच्या तुकड्यातून वळलेली मोंटी नळी. तान्ह्या बाळांसाठी चौथी, तात्पुरती वाटही असते. तिच्याविषयी पुढे थोडक्यात सांगितले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट झालेली बरी. ऑपरेशनने नळी सुटत नाही. तिन्ही वाटांचे वेळापत्रक एकच: दर तीन-चार तासांनी, शाळेत, प्रवासात, तापात, आयुष्यभर. बदलते ती फक्त नळी शिरण्याची जागा. ‘ऑपरेशन झाले की लघवीचा प्रश्न मिटला’ अशा समजुतीने होकार दिला, तर हळूहळू नळ्या चुकू लागतात आणि त्याचे परिणाम मूत्रपिंडांना भोगावे लागतात.

या वाटा कशा सापडल्या

आजच्या पर्यायांमागची कारणे कळायला आधीचे प्रयत्न का फसले ते पाहावे लागते. १८५२ साली लंडनमध्ये जॉन सायमन यांनी एक्स्ट्रॉफी असलेल्या एका मुलाची लघवी मोठ्या आतड्याकडे वळवली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे शल्यचिकित्सक याच कल्पनेत सुधारणा करत राहिले. मुलाचे कपडे कोरडे राहत, पण मळातले जंतू मूत्रवाहिनीतून (मूत्रपिंडाकडून लघवी खाली आणणाऱ्या नळीतून) वर चढत, आतड्यातून लघवीतले क्षार शोषले जाऊन रक्तात आम्ल साठे, आणि अनेक वर्षांनी मूत्रवाहिनी व आतड्याच्या जोडाजवळ कर्करोग होण्याचा धोका लक्षात आला.

१९५० मध्ये अमेरिकेत युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा तुकडा वेगळा काढून त्यात मूत्रवाहिन्या जोडल्या आणि त्याचे दुसरे टोक पोटावर आणून त्यावर पिशवी लावली. ही पद्धत मुळात कर्करोगाच्या प्रौढ रुग्णांसाठी होती. पुढे ती मूत्राशयाच्या मज्जातंतू बिघडलेल्या मुलांसाठी सर्रास वापरली गेली. मुलासमोर मात्र साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असते. जसजशी वर्षे गेली तसतसे तोंड अरुंद होणे, खडे, वारंवार संसर्ग आणि मूत्रपिंडांवरील व्रण दिसू लागले. शिवाय पिशवी कायमचीच.

वळण आले ते ऑपरेशनशिवाय. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांमध्ये ठरावीक वेळाने नळी घालण्याची पद्धत रुजवली होती, पण ती पूर्ण निर्जंतुक: हातमोजे, निर्जंतुक कापड, प्रशिक्षित माणूस. घरी ती निभणे कठीण होते. १९७२ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथून जॅक लॅपिडेस आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुकतेचा हा आग्रह सोडून दिला. त्यांचा युक्तिवाद असा: मूत्राशय ताणले गेले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि भिंतीची प्रतिकारशक्ती जाते, संसर्गाचे मूळ तिथे आहे. म्हणून साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरेशी आहे, वेळ मात्र चुकता कामा नये. त्या काळी हे मत धाडसाचे होते. पण मुलांच्या मूत्रविकार शस्त्रक्रियेत त्यानंतर जे जे उभे राहिले त्याचा पाया हाच आहे, आणि मित्रोफानॉफ यांचे ऑपरेशन लॅपिडेस यांच्याशिवाय निरर्थक ठरले असते.

तरीही काही मुले उरलीच. एक्स्ट्रॉफीची दुरुस्ती झालेला, वाकडा आणि संवेदना शाबूत असलेला मूत्रमार्ग. वारंवार जखमा होऊन आत खोटी वाट तयार झालेला मुलगा. व्हीलचेअरवरून उठून, पाय फाकवून, आरशात मूत्रमार्गाचे छिद्र शोधणे अशक्य असलेली मुलगी. आणि मूत्राशयाची मान, म्हणजे मूत्रमार्गाकडे उघडणारे त्याचे खालचे तोंडच, सैल असल्यामुळे दोन नळ्यांच्या मधल्या वेळात सतत गळणारी मुले.

फ्रान्समधील रुआँ शहरातले बालशल्यचिकित्सक पॉल मित्रोफानॉफ यांनी या मुलांसाठी १९७६ पासून एक ऑपरेशन केले आणि १९८० मध्ये ते फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी मूत्राशयाची मान बंद केली, अपेंडिक्स त्याच्या रक्तवाहिन्यांसह आतड्यापासून सोडवले, त्याचे एक टोक मूत्राशयाच्या अस्तराखालच्या बोगद्यातून आत नेले आणि दुसरे टोक पोटाच्या त्वचेवर उघडले. पिशवी नाही. छिद्र एवढे लहान की कपड्याखाली कळतही नाही.

लघवी त्या छिद्रातून का गळत नाही, हेच या शोधाचे मर्म. अपेंडिक्सचा जो भाग मूत्राशयाच्या अस्तराखालून जातो त्याच्या एका बाजूला मऊ अस्तर आणि दुसऱ्या बाजूला घट्ट स्नायू असतो. मूत्राशय भरत जाते तसा आतला दाब अस्तराला स्नायूवर दाबतो आणि मधली नळी चपटी होऊन मिटते. म्हणजे दाब जेवढा वाढेल तेवढी झडप घट्ट. नळी घातली की तीच भिंत सहज बाजूला होते. त्याच काळात स्वीडनमध्ये निल्स कॉक यांनी आतड्याला आतल्या आत दुमडून बोंडासारखी झडप केली होती. तीही काम करे, पण दुमड घसरून उलगडण्याची भीती असे आणि ती टिकवायला टाके व स्टेपल लागत. मित्रोफानॉफ झडपेत उलगडण्यासारखे काहीच नाही. मुलांसाठी ती सरस ठरली याचे मुख्य कारण हेच, असे आमचे मत आहे.

फ्रेंचमध्ये लिहिले गेल्यामुळे हे काम इंग्रजी जगात पोचायला काही वर्षे गेली. फिलाडेल्फियातील जॉन डकेट आणि हॉवर्ड स्नायडर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर ‘मित्रोफानॉफ तत्त्व’ म्हणून ते पुढे नेले: अपेंडिक्सच हवे असे नाही, कोणतीही लवचीक, अरुंद, रक्तपुरवठा असलेली नळी बोगद्यात घातली की झडप तयार होते. १९९० मध्ये पॅड्रेग मलोन यांनी तेच तत्त्व उलट दिशेने वापरून मोठ्या आतड्यात वरून एनिमा देण्याची वाहिनी केली. स्पायना बायफिडाच्या मुलांत शौचाचा प्रश्नही असतोच. त्यामुळे एका अपेंडिक्सवर आता दोन ऑपरेशनांचा दावा असतो, आणि निर्णय घेताना हा मुद्दा अनेकदा विसरला जातो.

आधी मूत्राशय, मग वाट

वाटेची तुलना करण्याआधी मूत्राशय स्वतः सुरक्षित आहे का, हे युरोडायनॅमिक तपासणीत (मूत्राशय भरताना आतला दाब मोजणाऱ्या तपासणीत) पाहावेच लागते. दोन आकडे महत्त्वाचे. पहिला, क्षमता: मुलाच्या वयात २ मिळवून ३० ने गुणले की अपेक्षित क्षमता मिलिलीटरमध्ये येते, सहा वर्षांच्या मुलाची सुमारे २४० मिली. दुसरा, दाब: गळती ज्या दाबाला सुरू होते तो पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर मूत्रपिंडांना धोका असतो, हे एडवर्ड मॅकग्वायर यांनी १९८१ मध्ये दाखवले. आजही ही मर्यादा मानली जाते, मात्र अनेक जण त्याहून खालच्या दाबालाच सावध होतात.

समजा मूत्राशय लहान, कडक, जास्त दाबाचे आहे आणि त्याला फक्त नवी वाहिनी जोडली. खालून गळणे हा त्याचा एकमेव सुटकेचा मार्ग होता. मान बंद केली की तोही गेला. सगळा दाब वर मूत्रपिंडांकडे. म्हणून आधी ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध, नेहमीचा डोस किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीन वेळा. बद्धकोष्ठता आणि तोंड कोरडे पडणे हे त्याचे नेहमीचे त्रास. ते पुरले नाही तर मूत्राशयाच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने. परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि ती पुन्हा द्यावी लागतात. तेही अपुरे पडले तर आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठे करणे.

हे शेवटचे ऑपरेशन बहुतेकदा वाहिनीबरोबर एकाच भुलीत होते, आणि ‘मित्रोफानॉफचे त्रास’ म्हणून जे सांगितले जातात त्यांतले बरेच खरे तर त्याचे असतात. लहान आतड्याचा साधारण २० ते ३० सेंटिमीटर तुकडा घेतात, त्याच्या टोकाकडचे १५-२० सेंटिमीटर जीवनसत्त्व बी१२ शोषण्यासाठी तसेच ठेवून. आतड्याचे अस्तर चिकट स्राव करत राहते, त्यात क्षार अडकून खडे होतात. म्हणून रोज सलाइनने धुणे आवश्यक. धुण्यासाठी नुसते २०-३० मिली घालून काढल्यास तळाचा चिकटा हलत नाही. मोठ्या मुलांत सुमारे २४० मिली, टप्प्याटप्प्याने, स्वच्छ पाणी परत येईपर्यंत. रक्तात आम्ल वाढणे, बी१२ कमी होणे, आणि सर्वांत गंभीर म्हणजे लावलेला तुकडा फाटणे हे धोके आयुष्यभर राहतात. डॉक्टरांना सरळ विचारावे: माझ्या मुलाला फक्त वाट हवी आहे की मूत्राशयही मोठे करायचे आहे? या दोन निर्णयांचे वजन फार वेगळे आहे.

मूत्रमार्गातून नळी

ज्या मुलाला मूत्रमार्गात संवेदना नाही, वाट सरळ आहे आणि हात चालतात, त्याच्यासाठी यापेक्षा चांगले काही नाही. ऑपरेशन नाही, भूल नाही, कधीही बदलता येते. नवजात बाळात ५-६ फ्रेंच, लहान मुलांत ८-१०, किशोरांत १२-१४ अशी नळीची जाडी. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर व्यास. स्पायना बायफिडाच्या मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी होण्याची शक्यता मोठी असल्याने पहिल्या दिवसापासून लॅटेक्सविरहित नळ्याच वापराव्यात. बहुतेक मुले पाच ते सात वर्षांच्या दरम्यान स्वतः शिकू शकतात. वयापेक्षा बोटांची हालचाल आणि वेळेचे भान जास्त मोजावे.

बिघडते ते मुख्यतः मुलग्यांत. आतल्या झडपेच्या स्नायूशी नळी अडते, घाईत जोर लावला जातो, अस्तराला खरचटते, पुढच्या वेळी नळी त्याच खाचेत शिरते आणि खोटी वाट तयार होते. उपाय: भरपूर जेली, शिश्न पोटाकडे सरळ ताणून धरणे, अडल्यास जोर न लावता हलका दाब ठेवून मुलाला खोल श्वास घ्यायला सांगणे. पाण्याने निसरड्या होणाऱ्या आवरणाच्या नळ्या घर्षण कमी करतात. वृषणाजवळची सूज पुन्हा पुन्हा येत असेल, दर काही दिवसांनी रक्त दिसत असेल किंवा आठ-नऊ वर्षांचे मूल प्रत्येक नळीला रडत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणत वर्षे काढू नयेत. पोटावरच्या वाहिनीचा विचार करण्याची ती वेळ असते.

लघवीच्या तपासणीत जंतू दिसले की लगेच प्रतिजैविक सुरू करण्याची चूक इथे फार होते. नळी घेणाऱ्या बहुतेक मुलांच्या लघवीत जंतू असतातच. ताप, कंबरेत वेदना, नव्याने वाढलेली गळती असे काही नसेल तर उपचार करू नयेत; उगाच दिलेल्या औषधाने फक्त हट्टी जंतू उरतात.

अपेंडिक्सची मित्रोफानॉफ वाहिनी

ऑपरेशनात नेमके काय होते ते समजले की पुढच्या अडचणी कुठून येतात तेही समजते. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागापासून कापून वेगळे करतात, बुडाशी आतड्याची छोटी चकती ठेवून. तीच पुढे त्वचेशी जोडली जाते आणि रुंद असल्यामुळे तोंड आकसण्याची शक्यता थोडी कमी होते. अपेंडिक्सची रक्तवाहिनी ज्या पातळ पडद्यातून येते तो जपून मोकळा करतात. तो ताणला किंवा पिळला गेला तर सगळी नळी सुकते. टोक कापून १०-१२ फ्रेंच नळी आरपार जाते का ते पाहतात. मग मूत्राशयाच्या भिंतीत साधारण ३ ते ४ सेंटिमीटरचा बोगदा. २ सेंटिमीटरच्या खाली गेला की गळतीची शक्यता वाढते. टोकाचे अस्तर मूत्राशयाच्या अस्तराशी बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडतात. त्यानंतरची पायरी कानाआड होण्याजोगी वाटते, पण निर्णायक आहे: मूत्राशय पोटाच्या भिंतीला आतून टाक्यांनी टांगतात, म्हणजे मूत्राशय भरले-रिकामे झाले तरी मधली नळी मोकळी लोंबकळत नाही आणि मुडपत नाही. शेवटी मूत्राशय भरून, प्रत्येक टप्प्यावर, नळी सहज जाते का हे पुन्हा पाहतात. भूल दिलेल्या मुलात टेबलावर जी नळी अडखळते ती घरी जागेपणी नक्की अडणार. २००४ पासून हेच ऑपरेशन रोबोटच्या मदतीनेही होऊ लागले. जखम लहान राहते, पण आतली शर्त तीच.

त्यानंतर तीन ते चार आठवडे वाहिनीत नळी कायम ठेवतात आणि मूत्राशयात वरून एक वेगळी नळी असते. मुदत संपल्यावर पहिली नळी रुग्णालयातच घालून शिकवतात. वरची नळी लगेच काढू नये. ती बंद करून ठेवावी आणि काही दिवस वाहिनीचे काम बिनचूक चालले की मग काढावी. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, हळूहळू चार तासांवर.

रोजची कृती अशी. हात धुवायचे, नळीला पाण्याने किंवा जेलीने निसरडे करायचे, छिद्रात पोटाच्या भिंतीच्या दिशेने हलकेच सरकवायचे. मूत्राशयात शिरताना किंचित अडल्यासारखे होते, ती झडप. लघवी सुरू झाली की नळी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत. धार थांबल्यावर घाईने ओढून काढू नये. थोडी थोडी मागे घेत, पुन्हा धार आली तिथे थांबत काढावी. वाहिनी मूत्राशयाच्या वरच्या भागात उघडते, तळाशी उरलेली लघवी अशानेच निघते. तळाशी साचून राहिलेल्या लघवीत खडे होतात.

सर्वांत नेहमीची अडचण म्हणजे त्वचेवरचे तोंड आकसणे. वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे वेगळे आहेत, पण साधारण दहांपैकी एक ते तीन मुलांना हा त्रास होतो असे धरून चालावे, आणि तो बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत. नळी कुठे अडते यावरून कारण ओळखता येते. पहिल्या सेंटिमीटरलाच अडली तर तोंड आकसले आहे. रात्रभर नळी किंवा सिलिकॉनचे छोटे बूच ठेवून, स्टेरॉइड मलम लावून अनेकदा निभते, नाहीतर छोटी दुरुस्ती. पोटाच्या भिंतीच्या लगेच खाली अडली तर नळीला मुडप आहे किंवा फुगवटा तयार झाला आहे. खोलवर, मूत्राशयात शिरताना आणि विशेषतः मूत्राशय तुडुंब असताना अडली तर झडपेचा भाग दबला आहे. वेळेआधी नळी घेऊन पाहावे. नळीच्या वेळा चुकवणाऱ्या मुलांत तोंड लवकर आकसू शकते आणि मग नळी घ्यायचा कंटाळा आणखी वाढतो, हे चक्र वेळीच ओळखावे.

छिद्रातूनच गळू लागले तर पहिला संशय वाहिनीवर नको. मूत्राशयाचा दाब वाढला असेल किंवा वेळा लांबल्या असतील. ते तपासून झाल्यावरच बोगदा आखूड पडला का हे पाहावे. त्यावर फुगवणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन किंवा बोगदा पुन्हा करणे हे उपाय आहेत. वजन वाढल्यावर, वयात येताना, पोटाची भिंत जाड होते आणि वाहिनीचा कोन बदलतो; दहा वर्षे सुरळीत चाललेली वाहिनी तेव्हा अडू शकते.

मोंटी नळी

अपेंडिक्स आधीच काढलेले असेल, फार आखूड किंवा आत बंद झालेले असेल, किंवा मलोन वाहिनीसाठी राखून ठेवायचे असेल तर हा पर्याय. तैवानमधील यांग यांनी १९९३ मध्ये आणि ब्राझीलमधील पाउलो मोंटी यांनी १९९७ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. यातली भूमिती सुंदर आहे. लहान आतड्याचा फक्त २ ते २.५ सेंटिमीटर रुंद तुकडा, रक्तवाहिन्यांसकट, वेगळा काढायचा. तो रक्तवाहिन्या आणणाऱ्या पडद्याच्या विरुद्ध बाजूने चिरून पट्टीसारखा उलगडायचा आणि आडव्या दिशेने नळीभोवती वळून शिवायचा. आतड्याचा घेर होता ती आता नळीची लांबी झाली, सुमारे ६-७ सेंटिमीटर, आणि पट्टीची रुंदी झाली नळीचा घेर. त्यातून १२-१४ फ्रेंचची नळी जाते. आतड्याच्या अस्तराच्या घड्या मुळात आडव्या असतात, वळल्यावर त्या लांबीच्या दिशेने येतात, त्यामुळे नळी त्यांवर अडत नाही. एवढ्याशा तुकड्याने पचनावर परिणाम होत नाही.

पण पोटाची भिंत जाड असेल तर ६-७ सेंटिमीटर पुरत नाही. मग दोन मोंटी नळ्या टोकाला टोक जोडतात, किंवा अमेरिकेतील अँथनी कसाल यांनी १९९९ मध्ये दाखवल्याप्रमाणे साधारण ३.५ सेंटिमीटरचा एकच तुकडा मधोमध अर्धवट कापून, दोन बाजूंना उलट दिशेने उघडून लांब नळी करतात. दोन नळ्यांच्या जोडावर नळीचे टोक अडकते. लांब मोंटी कालांतराने ढिली पडून तिच्यात कोपरे तयार होतात. पोटाच्या भिंतीखालच्या भागाची दुरुस्ती अपेंडिक्सपेक्षा मोंटीत, आणि त्यातही लांब मोंटीत, जास्त वेळा लागते. शिवाय आतडे कापून पुन्हा जोडावे लागते, म्हणजे त्या जोडाचे धोके वेगळे. म्हणून चांगले अपेंडिक्स हाताशी असताना मोंटी निवडू नये. मूत्राशय मोठे करण्यासाठी आतडे कापणारच असतील तर मात्र हा फरक बराच कमी होतो.

अपेंडिक्स लांब असेल तर ते दोन भागांत वाटून, मागचा तुकडा मलोनसाठी आणि पुढचा मित्रोफानॉफसाठी, असेही करता येते. मात्र दोन्ही भागांना रक्तपुरवठा मिळेल अशीच रक्तवाहिनीची मांडणी हवी. अपेंडिक्स थोडेच आखूड असेल तर त्याच्या बुडाशी लागून मोठ्या आतड्याची पट्टी वळून लांबी वाढवतात.

छिद्र कुठे

बेंबीत उघडलेले छिद्र जवळजवळ दिसत नाही. किशोरवयात त्याचे महत्त्व फार. शिवाय बेंबीजवळ पोटाची भिंत पातळ असते, त्यामुळे आखूड वाहिनीही पोचते. उजव्या बाजूला, कमरेच्या खाली उघडले तर मूत्राशयापर्यंतची वाट छोटी आणि सरळ राहते. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलांसाठी जागा ऑपरेशनच्या आधी, मूल खुर्चीत बसलेले असताना, पोटाच्या घड्या पाहून आणि मुलाला स्वतःचा हात तिथे नेऊन बघू देऊन खुणेने नक्की करावी. आडवे झोपवून केलेली खूण बसल्यावर घडीत लपते. पाठीचा कणा वाकलेला असेल तर हे आणखी महत्त्वाचे.

मूत्राशयाची मान बंद करावी का

मित्रोफानॉफ यांनी केली होती. आज अनेक जण शक्य तोवर टाळतात, आणि आम्हालाही ते पटते. मान उघडी असेल तर वाहिनी अडली तरी खालून नळी घालता येते, आणि फारच भरले तर लघवी खालून गळून मूत्राशय वाचते. मान बंद असेल तर मूल पूर्ण कोरडे राहते, पण एखादी नळी चुकली किंवा वाहिनी अडली की सुटकेचा मार्ग नाही. मोठे केलेले मूत्राशय अशा वेळी फाटू शकते. पोट फुगणे, खांद्यात दुखणे, ताप, उलट्या ही त्याची लक्षणे, आणि स्पायना बायफिडाच्या मुलाला पोटाच्या वेदना नीट जाणवत नसल्याने ती ओळखायला उशीर होतो. मेंदूतून पोटात सोडलेली शंटची नळी असेल तर पोटातला संसर्ग तिथपर्यंत पोचू शकतो. मान बंद करणे हे अशाच घरात करावे जिथे वेळापत्रक आधीपासून, वर्षभर, काटेकोर पाळले गेले आहे.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. मूत्रपिंडे फुगली आहेत आणि नळी घालणे जमत नाही, तर मूत्राशय थेट पोटाच्या खालच्या भागावर उघडतात; ब्लॉकसम यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेले हे ऑपरेशन आजही होते. लघवी सतत डायपरमध्ये गळते, मूत्रपिंडे वाचतात, आणि दोन-चार वर्षांनी छिद्र बंद करून पुढची वाट ठरवता येते. झडप नाही, नळीही नाही.

निवड कोणत्या मुलासाठी काय

संवेदना नसलेली, हात चांगले चालणारी, खुर्चीतून स्वतः उठू शकणारी सहा वर्षांची मुलगी: मूत्रमार्ग, आणि वर्षाने पुन्हा पाहणे. तीच मुलगी पाय आखडलेले आणि कणा वाकलेला असल्याने आईवर अवलंबून असेल तर अपेंडिक्सची वाहिनी तिला शाळेत एकटीने जाण्याइतकी मोकळीक देते. मूत्रमार्गातील पडद्यांचा मुलगा, ज्याला प्रत्येक नळी दुखते आणि ज्याचे मूत्राशय रात्रभर भरत राहते: इथे वाहिनीचा दुहेरी फायदा, कारण तिच्यातून रात्री नळी लावून ठेवता येते. एक्स्ट्रॉफीत मानेची दुरुस्ती करताना वाहिनी बहुधा सोबतच केली जाते.

घरात नळीच्या वेळा आज चुकत असतील तर ऑपरेशन पुढे ढकलावे. हात फार कमजोर असतील तर अरुंद छिद्रात नळी घालणेही जमणार नाही. तेव्हा काळजी घेणाऱ्या व्यक्तीला कोणती जागा सोपी, हाच निकष. आणि मुलाला विचारावे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आपल्या पोटावर काय होणार याबद्दल मत असते. ज्याने स्वतः होकार दिला ते मूल नळी कमी चुकवते.

ऑपरेशनच्या आधी शल्यचिकित्सकांना हे जरूर विचारावे: मूत्राशय मोठे करणार का, मान बंद करणार का, अपेंडिक्स मिळाले नाही तर टेबलावर दुसरा बेत काय, शौचासाठी पुढे मलोन वाहिनी लागणार असेल तर अपेंडिक्स कोणाला, वाहिनी अडली तर रात्री कोणाला फोन करायचा. मान बंद असलेल्या मुलाजवळ तसे स्पष्ट लिहिलेले कार्ड कायम असावे, कारण अनोळखी रुग्णालयात सर्वांत आधी खालून नळी घालण्याचाच प्रयत्न होतो. आणि ज्या मुलाला यांपैकी काहीही पुढे लागण्याची शक्यता आहे, त्याचे निरोगी अपेंडिक्स दुसऱ्या कोणत्याही पोटाच्या ऑपरेशनात ‘आलोच आहोत तर’ म्हणून काढू देऊ नये; हे संबंधित शल्यचिकित्सकाला आधीच लेखी कळवावे.